हसण्यावारी नेताना...

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. आमच्या बचत गटांचं एकत्र हळदीकुंकू होतं. दरवर्षी तिळगूळ आणि वाण देऊन कार्यक्रम आटोपायचा. या वेळी मात्र बायकांनी हट्टच धरला, "ताई, खेळ पैठणीचा ठेवूया!" आदेश बांदेकरांचा 'होम मिनिस्टर' २००४ साली टीव्हीवर सुरू झाला आणि त्यानंतर गावोगावी असे 'भावोजी' तयार झाले. आमच्या मावळात तर निवडणूक जवळ आली की पैठणीच्या खेळांना ऊत येतो. आम्ही कुणा पुढाऱ्याकडे न जाता आपापसात वर्गणी काढली, लोणावळ्यात एक हॉल घेतला आणि ओळखीतून एक सूत्रसंचालक ठरवला.

कामशेत, मळवलीच्या बायका लोकलने आल्या. आंदर मावळातल्या चौघी दोन वाहनं बदलून आल्या. उखाणे झाले, संगीत खुर्ची झाली. मग सूत्रसंचालकाने तीन नवऱ्यांना पुढे बोलावलं आणि बायकोने नवऱ्याला साडी नेसवायची स्पर्धा लावली. इथवर सगळं छान चाललं होतं. एक दादा तर निऱ्या इतक्या सांभाळून धरत होते की त्यांची बायकोच लाजली. मग त्या सूत्रसंचालकाला टीव्हीवरचं काहीतरी आठवलं असावं. त्याने आवाज बारीक केला, मनगट मोडलं, कंबर हलवत स्टेजवर एक फेरी मारली आणि म्हणाला, "आपल्याकडे असे पण असतात बरं का! यांना काय द्यायचं, पैठणी की धोतर?" हॉल नुसता हसत सुटला. थोड्या वेळाने आमच्यातल्या एका अंगाने जाड असलेल्या वहिनींना तो म्हणाला, "वहिनी, जपून बसा, खुर्ची भाड्याची आहे!" पुन्हा हशा.

मीही हसले. पहिल्या रांगेत बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

खुर्च्या लावायला गटातल्याच एकीचा मुलगा आला होता. अकरावीतला. कामाला चपळ, बोलायला मऊ. चालण्या-बोलण्यात जरा नाजूकपणा आहे त्याच्या. कार्यक्रम संपल्यावर बघितलं तर तो कुठेच नाही. खुर्च्या आम्हीच आवरल्या.

पुढच्या बैठकीला त्याची आई आली नाही. बचतीचे पैसे शेजारणीबरोबर पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. म्हणून मग मीच तिच्या घरी गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्याला वर्गात टीव्हीतल्या नावाने हाका मारतात. आठवीपासून. तो चालला की मागून टाळ्या वाजवतात. त्या माणसाने हॉलमध्ये जी फेरी मारली ना, ती तो रोज शाळेत बघत होता. पण त्याला वाटायचं, पोरं टवाळ आहेत, आपली माणसं तशी नाहीत." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, तुम्ही पण हसलात."

मैत्रिणींनो, त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'अगं, तसं काही मनात नव्हतं,' असं काहीतरी मी पुटपुटले. पण घरी येताना सारखं तेच डोक्यात फिरत राहिलं. मनात नव्हतं तर हसले कशाला?

रात्री जेवताना हा विषय मी घरात काढला. आमचे हे म्हणाले, "अगं, विनोद आहे तो. सगळंच मनाला लावून घ्यायचं म्हटलं तर माणसाने हसायचं तरी कशावर?" दुसऱ्या दिवशी आमच्या गटातली एक जण भेटली. ती चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करते, दिवसभर उभी असते. ती तर सरळच म्हणाली, "ताई, दिवसभर राबून आल्यावर रात्री अर्धा तास टीव्हीसमोर हसते मी. तेवढं पण तुम्ही काढून घेणार का?"

या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. आपल्या बायकांच्या वाट्याला मोकळं हसणं फार उशिरा आलं. मोठ्याने हसली म्हणून बोलणी खाल्लेली बाई प्रत्येक घरात आहे. तेव्हा हसणं बंद करा असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. पण एवढ्याने 'तुम्ही पण हसलात' पुसलं जात नाही. म्हणून मी एक साधा उद्योग केला. पंधरा दिवस रात्रीचे विनोदी कार्यक्रम बघताना शेजारी वही-पेन घेऊन बसले. मराठी बघितले, हिंदी बघितले, जुन्या भागांचे तुकडे मोबाइलवर मिळतात तेही बघितले. लोक कशाला हसले, एवढंच लिहायचं ठरवलं.

पानं भरली, पण विनोद मात्र मोजकेच निघाले. बायको जाड आहे. बायको काळी आहे. बायको बडबडते, माहेरी गेली की नवऱ्याला दिवाळी. मेहुणी सुंदर आहे. सासू कजाग आहे. लग्न न झालेली मुलगी नवरा मिळवायला टपलेली आहे. पुरुष साडी नेसून पाहुण्या हिरोच्या गळ्यात पडतो. दोन पुरुष चुकून जवळ आले की मागून रोमँटिक संगीत वाजतं. आणि एक जण बारीक आवाजात बोलतो, लचकत चालतो, की बस्स, पुढे काही बोलायचीही गरज नाही. हशा तयार.

कपिल शर्मांचा 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' २०१३ साली सुरू झाला तेव्हा आमच्या घरी शनिवार-रविवारी दुसरं काही लागत नसे. त्यात सुमोना चक्रवर्ती त्यांच्या बायकोचं काम करायची. आठवा बरं, त्या बायकोवर विनोद कशावरून व्हायचे? तिच्या ओठांवरून, तोंडावरून, आणि तिच्या बापाने हुंडा दिला नाही यावरून! आपण सासरी हुंड्यापायी काय होतं ते बघितलेल्या बायका, आणि आपणच त्यावर हसत होतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. गुन्हा आहे हे माहीत असूनही, विनोदात आला की तो घरगुती गंमत होऊन बसतो.

त्याच कार्यक्रमात अली असगर 'दादी' व्हायचे. पाहुण्या आलेल्या नटांच्या पाप्या घेणारी ती म्हातारी आपल्या पोराबाळांना तोंडपाठ होती. पुढे २०२२ मध्ये ते एका नाचाच्या स्पर्धेत, 'झलक दिखला जा'मध्ये उतरले. तिथे त्यांच्या मुलांचा एक व्हिडिओ दाखवला. आपले वडील टीव्हीवर बाई होतात म्हणून शाळेत आपल्याला कसं चिडवायचे, ते त्या मुलांनी सांगितलं. अली असगर स्टेजवर रडले. देशाला हसवणाऱ्या माणसाच्या मुलांची ही गत, तर मावळातल्या एका अकरावीतल्या पोराचं काय होत असेल?

आता कुणी म्हणेल, पुरुषाने साडी नेसणं हे आपल्याकडे नवीन आहे का? मुळीच नाही. उलट आपल्या मराठी रंगभूमीचा अर्धा इतिहास त्यावर उभा आहे. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, भामिनी आणि सिंधू होऊन उभे राहायचे तेव्हा लोक हसायला जात नव्हते. त्यांची नऊवारी, त्यांचा खोपा, त्यांचे दागिने बघून घराघरांतल्या बायका तशी फॅशन करायच्या. पुरुषाने बाईपण इतक्या आदराने अंगावर घेतलं की खऱ्या बायकांनी ते त्याच्याकडून शिकून घेतलं! साडी तीच, पुरुष तोच. तेव्हा साडी नेसलेला पुरुष म्हणजे आपोआप विनोद, हे काही आपलं मूळचं नाही.

बरं, विनोदासाठी म्हणाल तर तेही होतं. आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' हे मूळच्या इंग्रजी नाटकावरून बेतलेलं. विजय चव्हाणांची मावशी बघून हसला नाही असा मराठी माणूस विरळा. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' तर आजही टीव्हीवर लागला की मी हातातलं काम टाकून बसते. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्यात बायका झाले. पण का झाले? पुण्यात राहायला खोली मिळत नव्हती आणि मालकीणबाईंना भाडेकरू म्हणून जोडपी हवी होती. मग थापेवर थाप, आणि आता पकडले जाणार की काय या धाकधुकीचं हसू. हसायचं असतं ते त्यांच्या फजितीवर. त्या दोघांच्या बायका होण्यात कुणाही बाईची किंवा कुणा मऊ स्वभावाच्या मुलाची नक्कल करून खाली पाडणं, हे त्या सिनेमाचं भांडवल नाही. माझ्या वहीतल्या बहुतेक विनोदांत मात्र गोष्टच नव्हती. होती ती फक्त लचक.

त्यातही सगळं एका मापाने मोजू नये. २०१४ साली आलेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये पुरुष नटांनी कितीतरी वेळा साड्या नेसल्या. काही वेळा ते सुरेख होतं, काही वेळा नुसतं अंगविक्षेप होतं. पण त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन काका होऊन पत्र वाचायचे आणि आपण पदराने डोळे पुसायचो. साडी नेसून हसवणारा आणि पत्र वाचून रडवणारा नट एकच. म्हणजे आपल्या कलाकारांच्या अंगात दम आहे. लिहिणाऱ्याने लिहून द्यायला हवं आणि बघणाऱ्याने मागायला हवं.

'नटरंग' बघितलात ना? आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधवांचा सिनेमा, २०१० च्या जानेवारीत आला. तमाशाच्या वेडापायी पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होतो. दुसरं कुणी तयार नाही म्हणून होतो. फडावर लोक त्याला टाळ्या देतात आणि फडाबाहेर त्याच्यावर नको ते ओढवतं. घर तुटतं, गाव तोंड फिरवतं. सिनेमागृहात आम्ही बायका स्फुंदून रडलो होतो. आणि घरी येऊन टीव्ही लावला की पुन्हा त्याच चालीला हसलो! गुणासाठी रडलेले डोळे वर्गातल्या गुणाला ओळखत नाहीत, हे आपलं कसं काय होतं?

मी यावर बराच विचार केला. मला जे वाटतं ते सरळ सांगते. बायकोच्या जाडीवरचा विनोद आणि त्या मुलाच्या चालीवरचा विनोद हे दोन वेगळे विनोद नाहीत. एकच आहे. गावात भांडण झालं की पुरुष पुरुषाला सगळ्यात झोंबणारी शिवी कुठली देतो? 'बायल्या.' या शब्दात कोण बसलंय ते जरा बघा. बाई बसलीय. 'हातात बांगड्या भरल्यात का?' या बांगड्या कुणाच्या? आपल्याच की! सौभाग्याचं लेणं म्हणून आपण ज्या भरतो, त्याच पुरुषाच्या हातात गेल्या की अपमान. कारण बाईसारखं असणं म्हणजे खालच्या पायरीवर असणं, हे सगळ्यांनी, आपणही, न बोलता मान्य केलंय. पुरुष खालच्या पायरीवर उतरला म्हणून हसू येतं. म्हणजे त्या मुलावर हसताना मी कुणावर हसले? माझ्यावरच. त्याच्या आईवर. पुढ्यात बसलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींवर.

म्हणून पुढच्या पाच मिनिटांत त्याच सूत्रसंचालकाने त्या वहिनींच्या जाडीवर विनोद केला, यात मला आता काही आश्चर्य वाटत नाही. एकाला सूट दिली की दुसऱ्याला मिळतेच. त्या वहिनीही तेव्हा हसल्या होत्या बरं का. मी नंतर त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "हसू नको तर काय करू? रडले असते तर जास्त हसले असते लोक."

पुरुषाला पुरुष आवडणं किंवा बाईला बाई आवडणं, हा विषय आपल्या पानांत लिहिताना अजूनही हात अडखळतो. पण मराठीत तो काल-परवा आलेला नाही. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आणलं. त्यातली मित्रा ही मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली होती. १९८२ च्या 'उंबरठा'तही महिलाश्रमातल्या दोघींचं नातं आहे आणि स्मिता पाटीलची सुलभा त्यांच्याकडे किळसेने बघत नाही. मी कॉलेजात मराठी साहित्य शिकले, पण यातलं काही कुणी मोकळेपणाने वर्गात बोललेलं आठवत नाही. मग आमच्या पिढीला हे कळलं कुठून? तर २००३ च्या 'कल हो ना हो'मधल्या कांताबेनकडून. दोन हिरो जवळ दिसले की ती बाई भेदरते, किंचाळते, आणि आपण हसतो. पुढे २००८ मध्ये 'दोस्ताना' आला. ज्याच्याबद्दल कुणी धड सांगितलं नाही, त्याची पहिली ओळख चेष्टेतून झाली. गावाकडच्या मुलाला तर आपण कोण आहोत याचं पहिलं उत्तर त्या चेष्टेतूनच मिळतं. ही मला सगळ्यात मोठी इजा वाटते.

त्या मुलाच्या आईने मला हळूच विचारलं होतं, "ताई, हा काही आजार असतो का हो? पुण्याला डॉक्टरकडे न्यायचं का?" तो मुलगा तसा आहे की नाही, मला माहीत नाही. नुसत्या चालण्या-बोलण्यावरून ते कळतही नसतं, आणि मला ते माहीत असायची गरजही नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी नीट माहिती घेऊन दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढून टाकलं. आपल्याकडे तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला असा संबंध हा गुन्हा नाही. इंग्रजांच्या काळातलं, १८६० च्या दंड संहितेतलं ३७७ वं कलम तेवढ्यापुरतं गेलं. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलंय की इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची! म्हणजे आईचीसुद्धा. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. नुसतं "असं लिहिलंय?" एवढंच म्हणाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला, या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, हेही तिला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात, आपल्या भाषेत हे काम झालंय, याचा तिला आधार वाटला.

आपलं वागणं तरी किती गमतीचं आहे बघा. पुणे-लोणावळा लोकलमध्ये टाळी वाजवत तृतीयपंथी आले की आपण पर्समधून दहा रुपये काढतो, डोक्यावर हात ठेवून घेतो, तान्हं बाळ असेल तर त्याला पुढे करतो. आशीर्वाद त्यांचा चालतो. पण त्यांनी शेजारच्या सीटवर बसलेलं चालत नाही. आणि रात्री टीव्हीवर तीच टाळी कुणी वाजवली की घरभर हसू.

मग बंदी घालायची का? माझं मत विचाराल तर नाही. कायदा आहेच. बायकांचं असभ्य चित्रण करायला मनाई करणारा कायदा १९८६ चा आहे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत बाईला कमी लेखणारं किंवा एखाद्या समूहाची निंदा करणारं काही दाखवू नये असं स्पष्ट लिहिलंय. वाहिन्यांनी २०११ मध्ये प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी एक मंडळही नेमलं. फार वाईट वाटलं तर तक्रार जरूर करावी, तो आपला हक्क आहे. पण माझा जास्त भरवसा आहे तो रिमोटवर. हे कार्यक्रम बघणाऱ्यांत आपण बायका कमी नाही. आपण हसतो म्हणून ते लिहितात. आपण हसलो नाही तर दुसरं लिहितील. आणि बंदीने तोंड बंद होतं, मन बदलत नाही. वर्गातल्या पोरांना कुठला कायदा थांबवणार? त्यांना घरात काय हसताना बघितलं तेच ती शाळेत करणार.

"मग हसायचं कशावर?" ह्यांचा प्रश्न उरतोच. तर बायांनो, आपल्याला विनोद शिकवायला टीव्ही कशाला हवा? जात्यावर दळता दळता आपल्या आज्यांनी सासरच्या माणसांची काय कमी टिंगल केली? भोंडल्याच्या गाण्यांत सासरचे सगळे येतात, सासू-सासरे, दीर, नणंद, कुणाला सोडलेलं नाही. संत एकनाथांनी भारुडात सून उभी केली, ती देवीला नवस बोलते आणि एकेका सासरच्या माणसाला घरातून घालवायला सांगते! चारशे वर्षं झाली, अजून लोक हसतात. पण यातला फरक ध्यानात घ्या. तिथे दबलेली बाई दाबणाऱ्यावर हसते. तिच्याजवळ दुसरं हत्यार नसतं. टीव्हीवर बहुतेक वेळा उलटं असतं. जो आधीच दबलाय त्याच्यावर सगळे मिळून हसतात. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा आम्ही गटातल्या बायका गाडी करून बघायला गेलो होतो. नटूनथटून, गॉगल लावून! सहा बहिणींची गोष्ट. त्यांच्या वजनावर, वयावर, गुडघ्यांवर, पाळी जाण्यावर बोलणं आहेच की त्यात. पण हसताना एकीलाही खाली बघावं लागलं नाही. कारण त्या बायका स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दल बोलत होत्या.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवलीय. ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस याच खोलीत, मागे खुर्च्या लावत उभा असेल तर मी हसेन का? आणि हसून झाल्यावर तो ताठ मानेने घरी जाईल का? एवढंच. नेहमी जमतं असं नाही. परवाच एका विनोदाला फसकन हसू आलं आणि मग लक्षात आलं. पण निदान लक्षात तरी येतं.

त्या माउलीकडे मी पुन्हा गेले आणि सरळ म्हटलं, "माझं चुकलं." ती ओशाळली, "अहो ताई, असं काय!" म्हणाली. मुलगा घरात होता, आतल्या खोलीत. बाहेर आला नाही. मी दाराशी उभी राहून त्यालाही ऐकू जाईल अशा बेताने तेच पुन्हा म्हटलं आणि निघाले.

श्रावणात मंगळागौरीचा कार्यक्रम ठेवला तेव्हा दुसरा सूत्रसंचालक बोलावला. त्याला आधीच बसवून सांगितलं. कुणाच्या अंगावर, रंगावर, चालण्यावर बोलायचं नाही. तो गोंधळला. "ताई, मग माझ्या निम्म्या विनोदांचं काय करू?" असं खरंच म्हणाला! मग आमच्याच बायकांनी त्याला विषय पुरवले. रविवारी भुशी डॅमला जाणाऱ्या गाड्यांनी आपल्याला घराबाहेर पडता येत नाही, त्यावर. पावसाळ्यात आठ-आठ दिवस न वाळणाऱ्या कपड्यांवर. पावसात गेलेली लाइट नेमकी मालिकेच्या वेळेला येत नाही, त्यावर. चिक्कीच्या कारखान्यातल्या त्या आमच्या मैत्रिणीने तर माइकच हातात घेतला आणि चिक्की घेताना पैशापैशाची घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची अशी काही नक्कल केली की विचारू नका. अर्धा तास काढून घेणार का म्हणून मला विचारणारी ती, तिनेच आम्हाला अर्धा तास हसवलं.

त्या मुलाची आई आली होती. मागच्या रांगेत बसली होती, पण हसत होती. मुलगा नाही आला. मी विचारलंही नाही. येईल तेव्हा येईल. त्याला यावंसं वाटेल असा हॉल ठेवणं, एवढं आपल्या हातात आहे.